जकातीच्या शिपायांची वाट

फ्रान्सच्या पश्चिमेस ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. त्याच्या किनाऱ्याने माँ-सें-मिशेलपासून सें-नाझेरपर्यंत सुमारे २००० किलोमीटर लांबीची एक पायवाट गेली आहे. हल्ली तीवर हौशी धावणारांची वर्दळ असते. परंतु ती जन्मास आली चोर धरण्याकरिता, हे आमच्या वाचकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. समुद्रमार्गे येणारा चोरटा माल पकडण्यासाठी जकातखात्याच्या शिपायांनी किनाऱ्यावर अहोरात्र गस्त घालावी, अशी योजना इ. स. १७९१ मध्ये झाली. किनाऱ्याचा एकही कोनाकोपरा नजरेआड राहू नये, म्हणून वाट कड्याच्या काठाकाठाने, खाडीखाडीस वळसे घेत गेली. त्यामुळे धावणारास घटकेत चढ, घटकेत उतार! घड्याळाशी शर्यत लावणाऱ्याची येथे निराशाच व्हावयाची.

पुढे गस्त बंद पडली, वाट झुडपांत बुजली. इ. स. १९६८ पासून तिचा जीर्णोद्धार सुरू झाला खरा. पण मध्यंतरी किनाऱ्यावर बंगले उठले होते, आणि ज्याचे त्याचे कुंपण आडवे! अखेर ३१ डिसेंबर १९७६ च्या कायद्याने समुद्रालगतच्या खाजगी जमिनीतून तीन मीटर रुंदीची पट्टी पादचाऱ्यांस खुली केली. जमीन मालकाची, वाट सर्वांची, ही तडजोड आम्हांस मोठी शहाणपणाची वाटते. सायकलस्वारास हा हक्क नाही. धावणारा पडला पायीच, सबब त्यास मज्जाव नाही.

पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांच्या खुणा जागोजाग आहेत, तेव्हा चुकण्याचे भय फारसे नाही. भय आहे ते पावसाने निसरड्या झालेल्या खडकांचे.