त्यांना तीन धावपट्ट्या, आपल्याला एक काटा



जिल्हा मेळाव्याच्या पत्रकात यावेळी विमानतळाची चर्चा कशाला, असे कोणीतरी विचारणारच. वेचणीला बाया मिळत नाहीत, ज्वारीवर पाखरे बसली आहेत आणि यांना विमाने सुचतात! विचारणे रास्त आहे. पण कोणाला काय निवडता येते, यावरून त्या माणसाची या देशात किंमत काय ते कळते. म्हणून खाजगी विमानाने समुद्रावर सुटी घालवायला जाणारा माणूस काय काय निवडतो ते एकदा नीट पाहून घेऊ. मग आपल्याकडे वळू.

गोव्याला उतरावे कोठे?

मुंबई-दिल्लीच्या एखाद्या धनिकाने गोव्याच्या बाजूला चार दिवस समुद्रावर जायचे ठरवले. विमान घरचे किंवा भाड्याचे. अशा विमानाला वेळापत्रक नसते आणि ठरलेला मार्गही नसतो. परवानगी घेतली आणि जागा मिळाली की जेथे धावपट्टी पुरेशी लांब तेथे ते उतरते. तेव्हा पहिला प्रश्न येतो तो विमान उतरवायचे कोठे हा, आणि त्याच्यापुढे तीन विमानतळ हात जोडून उभे असतात.

पहिला दाबोळी. पोर्तुगीजांनी १९५० च्या दशकात बांधला. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर तो भारतीय नौदलाकडे आला. धावपट्टी नौदलाची आणि प्रवाशांची इमारत विमानतळ प्राधिकरणाची, अशी वाटणी आहे. कोलवा, बाणावली, मोबोर या दक्षिणेच्या किनाऱ्यांना तो सोयीचा. अडचण एवढीच, की कामाच्या दिवशी सकाळी नौदलाचा सराव चालतो आणि त्या वेळात बाहेरच्या विमानांना मोकळीक नसते.

दुसरा मोपा. पेडणे तालुक्याच्या पठारावर बांधलेला, साडेतीन हजार मीटर धावपट्टीचा. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून वाहतूक सुरू झाली. हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी हे उत्तरेचे किनारे त्याला जवळ. परदेशातून थेट येणाऱ्याला कस्टम आणि इमिग्रेशनची सोय दाबोळीलाही मिळते, मोप्यालाही मिळते.

तिसरा आपल्या महाराष्ट्रातला चिपी, वेंगुर्ले तालुक्यातला. उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ चे, धावपट्टी अडीच हजार मीटरची. मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ले या बाजूला जाणाऱ्याने येथे उतरावे. गर्दी कमी आणि किनारा शांत.

आता नकाशा पाहा. दाबोळी ते मोपा सरळ रेषेत ४० किलोमीटरच्या आसपास. मोपा ते चिपी ५० च्या आत. म्हणजे शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात तीन विमानतळ. जाणकार सल्ला देतात तो असा: आधी किनारा ठरवा, मग विमानतळ. विमानाला लागणारी धावपट्टी आहे का, हव्या त्या वेळेचा स्लॉट मिळतो का, विमान उभे करायला जागा आहे का आणि उतरल्यावर मोटारीने किती वेळ लागतो, एवढे तपासा. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात जागेची टंचाई असते. मग मालकाला उतरवून रिकामे विमान दुसऱ्या गावी जाऊन उभे राहते. चार दिवसांनी न्यायला पुन्हा रिकामे येते. दोन्ही फेऱ्यांचे भाडे मालक भरतो. त्याला परवडते, तो भरतो. आपली तक्रार नाही.

आता हाच हिशेब कपाशीला लावा

गंमत पाहा, त्यांचा हंगाम आणि आपला हंगाम एकच. पाऊस सरला की कोकणचा किनारा उघडतो आणि वऱ्हाड-मराठवाड्यात बोंडे फुटतात. दसऱ्यापासून होळीपर्यंत त्यांची विमाने उतरतात आणि आपला कापूस घराबाहेर पडतो. त्यांना जे प्रश्न, तेच आपल्याला. माल कोठे उतरवायचा? स्लॉट मिळेल का? गाडी उभी करायला जागा आहे का? पोचायला वेळ किती?

प्रश्न तेच, उत्तरे वेगळी.

२०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस द्यायचा तर आधी मोबाईलवर ‘कपास किसान’ ॲपमध्ये नोंदणी करायची, मग स्लॉट घ्यायचा, असा नियम आला. म्हणजे स्लॉट विमानालाही लागतो आणि कापसालाही. फरक एवढाच, की विमानवाल्याला दाबोळीचा स्लॉट मिळाला नाही तर मोपा आहे, मोपा नाही तर चिपी आहे. आपल्याला स्लॉट मिळाला नाही तर खेडा खरेदीवाला आहे. तो दारात येतो, आपली गरज ओळखतो आणि पडेल तो भाव सांगतो.

ओलाव्याचा नियम घ्या. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, पुढे १२ पर्यंत टक्क्यागणिक कपात आणि १२ च्या वर गेला तर कापूस परत. एकरी किती क्विंटल घ्यायचा यालाही मर्यादा. ओला कापूस वाळवायला जागा कोणाकडे आहे? दोन खोल्यांच्या घरात एका खोलीत कापूस आणि दुसरीत माणसे. रिकामे विमान दुसऱ्या गावी उभे करता येते, भरलेली कापसाची गाडी कोठे उभी करायची? जिनिंगच्या फाटकाबाहेर रात्र काढली की ट्रॅक्टरचे भाडे चढते, आणि ते भाडे नफ्यातून जात नाही, पोटातून जाते.

लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५-२६ साठी ८११० रुपये जाहीर झाला. लहान जेट विमानाचे तासाचे भाडे तीन लाख धरा. म्हणजे एका तासाच्या उड्डाणाला सदतीस क्विंटल कापूस, तोही पूर्ण हमीभाव हातात पडला तर. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरले तर ही सात एकरांची वर्षभराची कमाई. त्यातून बियाणे, खत, फवारणी, वेचणी अजून वजा जायची आहे.

ज्वारीचे तर बोलायलाच नको. संकरित ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव ३६९९ रुपये. आपल्या गावाला ज्वारीचे सरकारी खरेदी केंद्र किती जवळ आहे आणि किती दिवस उघडे होते, हे मेळाव्यात हात वर करून विचारा. हमीभाव कागदावर आणि केंद्राला कुलूप असेल तर त्या भावाला भाव म्हणायचे कशाला?

धावपट्टी बांधली कोणी?

कोणी म्हणेल, त्यांचा पैसा, त्यांचे विमान, तुमचे काय जाते? विमान त्यांचे आहे. पण धावपट्टीखालची जमीन कोणाची होती? मोप्याच्या पठारावर गुरे चारणाऱ्या धनगर कुटुंबांना जागा सोडावी लागली. झाडे सुमारे ५५ हजार. परवानगीच्या अर्जात या झाडांची खरी माहिती दिली नव्हती, असे ताशेरे मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओढले आणि पर्यावरण मंजुरी रोखली. जानेवारी २०२० मध्ये अटी घालून ती रोख उठली आणि काम पुढे गेले. आपल्या धुऱ्यावरचे स्वतः लावलेले एक सागाचे झाड तोडायचे तर वनखात्याचे किती उंबरे झिजवावे लागतात, ते आपल्याला माहीत आहे.

छोट्या गावांना विमानसेवा परवडावी म्हणून केंद्राची ‘उडान’ योजना आहे. ठराविक मार्गावर कंपनीला तिकिटातून खर्च निघत नसेल तर सरकार तूट भरून देते. हा पैसा खाजगी विमानवाल्याला मिळत नाही हे खरे. पण सरकारला परवडत नसलेल्या धंद्याची तूट मोजता येते आणि भरताही येते, एवढे यावरून सिद्ध होते. मग कापसाचा उत्पादन खर्च आणि बाजारभाव यांतली तूट मांडली की ‘तिजोरी रिकामी’ हे उत्तर कोठून येते?

इंधनाचे घ्या. मार्च २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी विमानाच्या इंधनावरचा विक्रीकर २५ टक्क्यांवरून १८ वर आला. २०२४ च्या अर्थसंकल्पात मुंबई-ठाण्याच्या डिझेलवरचा कर २४ वरून २१ टक्के झाला, म्हणजे उरलेल्या महाराष्ट्राच्या बरोबरीला आला. आपण २१ वरच होतो, २१ वरच राहिलो. विमानाला १८ आणि नांगरटीला २१!

आणि आपल्याकडच्या धावपट्ट्या? २००९ मध्ये राज्य सरकारने नांदेड, लातूर, यवतमाळ, बारामती आणि उस्मानाबाद या पाच धावपट्ट्या एका उद्योगसमूहाच्या कंपनीला ९५ वर्षांच्या कराराने दिल्या. शेतकऱ्याला पीककर्ज वर्षाचे आणि कंपनीला करार तीन पिढ्यांचा. अमरावतीच्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईचे विमान सुरू झाले. आनंद आहे. पण कापूस विमानाने जात नाही. कापूस शेतातून पाणंदीने निघतो. पाणंद हीच आपली धावपट्टी, आणि पावसाळ्यात त्या धावपट्टीवर बैलसुद्धा उतरत नाही.

आपण श्रीमंतीवर जळत नाही

येथे एक गोष्ट स्पष्ट करू. कोणी विमानातून फिरू नये, असे चळवळ म्हणत नाही. दुसऱ्याचे विमान जमिनीवर उतरवून आपली बैलगाडी आभाळात चढत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये खाजगी वापराच्या विमानावरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला आणि ट्रॅक्टरवरचा १२ वरून ५ वर आला. जे झाले ते झाले म्हणावे. भाड्याने चालवायला आणलेल्या विमानावर मात्र ५ टक्केच. म्हणजे धनिकाला कराच्या बाबतीतसुद्धा दोन दरवाजे आहेत.

आपले भांडण दरवाजांचे आहे. त्यांना तीन आणि आपल्याला एक, तोही सरकारच्या मर्जीने उघडणारा.

हे आजचे नाही. १९७२ पासून जवळजवळ तीस वर्षे महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती. शेजारच्या राज्यात भाव चढा असला तरी आपला कापूस सीमेपलीकडे नेणे गुन्हा होता. नाक्यावर गाड्या अडवल्या जात. आपलाच माल, आपलाच घाम, आणि आपण तस्कर! चुकारा मात्र हप्त्याहप्त्याने. १० डिसेंबर १९८६ ला हिंगोलीजवळ सुरेगावला कापसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि तीन शेतकरी धारातीर्थी पडले. माल कोठे आणि काय भावाने विकायचा हे ठरवण्याच्या हक्कासाठी ते गेले. कोण्या विमानवाल्याला गोव्याऐवजी चिपीला उतरायचे आहे म्हणून कधी लाठी खावी लागली आहे काय?

एकाधिकार गेला, पण खोड गेली नाही. भाव चढला की निर्यात बंद, जशी ५ मार्च २०१२ ला केली. भाव उतरला असला तरी आयात खुली, जशी १९ ऑगस्ट २०२५ ला केली. कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क आधी ३० सप्टेंबरपर्यंत उठवले, मग ३१ डिसेंबरपर्यंत मुदत वाढवली. नेमके आपली बोंडे फुटायच्या आणि पहिली वेचणी बाजारात यायच्या दिवसांत! परदेशी गाठीला उतरायला बंदर मोकळे, आणि आपल्या कापसाला ग्रेडरसमोर रांग.

इंडियाचा पाहुणा कोठे उतरेल याची एवढी काळजी आणि भारताचा कापूस कोठे उतरेल याची काळजी कोणालाच नाही, ही या देशाची खरी फाळणी आहे.

मेळाव्यात मांडायचे ठराव

नुसती हळहळ करून घरी जायचे नाही. खालील ठराव प्रत्येक तालुक्याने वाचून, चर्चा करून, हात वर करून मंजूर करावेत आणि तहसीलदारांमार्फत सरकारला पाठवावेत.

एक. कापूस आणि ज्वारी देशात कोठेही, कोणालाही, केव्हाही विकण्याची मोकळीक कायद्याने कायम व्हावी. भाव चढला म्हणून निर्यात बंद करू नये.

दोन. वेचणीच्या हंगामात, ऑक्टोबर ते मार्च, आयात शुल्कात कपात करू नये.

तीन. दिलेल्या स्लॉटच्या दिवशी माल मोजला गेला नाही तर गाडीभाडे आणि खोटीचा खर्च खरेदीदार संस्थेने द्यावा. चुकारा ठरल्या दिवशी जमा व्हावा, उशीर झाला तर व्याजासह.

चार. ज्वारीची खरेदी केंद्रे काढणीआधी जाहीर व्हावीत आणि माल संपेपर्यंत उघडी राहावीत.

पाच. शेतीच्या डिझेलवरचा राज्याचा कर विमानाच्या इंधनावरील करापेक्षा जास्त नसावा.

सहा. ज्या जिल्ह्यात विमानतळावर पैसा खर्च होईल, त्या जिल्ह्यातील पाणंद रस्त्यांना त्याच अर्थसंकल्पात तेवढीच तरतूद व्हावी.

भीक यातली एकही नाही. धनिकाला जे न मागता मिळते ते आपण मागतो आहोत: कोठे उतरायचे हे आपले आपण ठरवण्याचा हक्क. मेळाव्याला येताना सातबारा नको, ॲप नको आणि स्लॉट तर नकोच. घरातल्या बाईमाणसांसह या. आपल्या मांडवात सगळ्यांना जागा आहे.