एका तारेची संध्याकाळ

परभणीच्या जिंतूर तालुक्यातील मौजे बोरीसारख्या गावी, देवळाच्या ओट्यावर, ध्वनिक्षेपकाची कसलीही तजवीज नसताना, एका हातात चिपळ्या व दुसऱ्या हातात भोपळ्याची एकतारी घेऊन कोणी भजनी गाऊ लागतो, आणि तर्जनीखाली ती एकुलती एक तार झणकारते, तेव्हा शहरी संगीतसभांचा थाट आम्हांस अंमळ फिका वाटतो.

असल्याच साध्या गाण्याचे एक उदाहरण अमेरिकेतले: 1941 साली लोकगीतांचा संग्राहक ॲलन लोमॅक्स याने मिसिसिपीच्या कापूसमळ्यात मजुरी करणाऱ्या मडी वॉटर्स या गायकाचे ‘ब्लूज’, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांचे दुःखगान, ध्वनिमुद्रित केले. गिटार, कंठ आणि अंतरीचे दुःख, एवढीच त्याची सामग्री होती. परभणीची काळी जमीनही कापसाचीच, आणि दासीपणाचे कष्ट अभंगात ओतणारी जनाबाई याच जिल्ह्यातील गंगाखेडची. तेव्हा मिसिसिपीशी हे नाते आम्ही ओढूनताणून जोडीत आहो, असे कोणी म्हणू नये. अशीच कष्टांतली गाणी म्हणजे जात्यावरच्या ओव्या; संशोधक हेमा राईरकर व गी पॉइटेव्हिन यांनी अशा लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या, तरी गिरणी आल्यावर जाते मुके झाले ते झालेच.

उरलेली गाणीही मुकी होण्याआधी वाचकांनी आपल्या गावची गाणी, गाणाऱ्याच्या अनुमतीने व नावानिशी, आमच्या दप्तरी धाडावीत.