प्रतिकारशक्ती वाढवू नका हो!

मंडळी, आजचं लिखाण जरा तिखट आहे. नातेवाइकांपैकी काहींना वाटेल की हे आपल्यालाच उद्देशून आहे. वाटू द्या, ते आहेच.

मला बावीस वर्षांपासून सोरायसिस आहे, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. २०२० साली करोना आला आणि अख्खा देश एकच जप करू लागला : प्रतिकारशक्ती वाढवा. आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिऱ्यांचा काढा सुचवला. बाजाराने तर चहापासून मिठाईपर्यंत सगळ्यावर हा शब्द छापून घेतला.

जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईला हा शब्द खुपतो. 'शक्ती' म्हटलं की जितकी जास्त तितकी चांगली, असं आपण धरूनच चालतो. पण माझ्या आजारात ती कमी पडत नाही, ती चुकीच्या जागी चालते. गावातला जागल्या चोर सोडून घरच्यांनाच बडवू लागला, तर त्याला कोणी खुराक लावतं का? निरोगी त्वचेच्या पेशी तयार होऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये हेच काम काही दिवसांत उरकतं, म्हणून त्या खपल्या. या जागल्याला आवरण्यासाठी मी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते.

आणि नेमकी हीच गोळी बंद कर, असा सल्ला मला फोनवर फोन करून दिला गेला. "ती प्रतिकारशक्ती मारते गं, करोना झाला तर?" प्रश्न रास्त होता, काळजीही खरी होती. पण प्रश्न डॉक्टरांना विचारायचा असतो. आपणच विचारून आपणच उत्तर द्यायचं नसतं. अमेरिकेतल्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनने २०२० सालीच सांगितलं होतं की संसर्ग झालेला नसेल तर बहुतेक रुग्णांनी उपचार चालूच ठेवावेत. माझ्या डॉक्टरांचंही तेच मत पडलं. औषध मनाने तोडलं तर आजार उसळू शकतो, आणि तेव्हा काढा पाजणारं कुणी रात्री खाजवायला येत नाही.

गंमत बघा. सोरायसिस संसर्गजन्य नाही, हे ज्यांना पंगतीत माझ्या शेजारी बसताना वीस वर्षांत पटलं नाही, तेच २०२० साली एका रात्रीत प्रतिकारशक्तीचे तज्ज्ञ झाले!

मग आम्ही करायचं तरी काय होतं? मास्क लावायचा, गर्दी टाळायची, साबणाने भेगाळलेल्या हातांना मलम चोळायचं आणि आपली पाळी आली की लस घ्यायची. मी ती २०२१ साली डॉक्टरांना विचारून घेतली. लस जागल्याला नुसती दांडगाई शिकवत नाही, चोराचा चेहरा दाखवून ठेवते. फरक इथेच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी करोनाची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. 'शक्ती वाढवा'चे निरोप मात्र अजून येतात. माझं एकच मागणं आहे. सोरायसिस, ल्युपस, पेम्फिगस असलं काही ज्याला आहे, त्याला असा निरोप पाठवण्याआधी "तुझे डॉक्टर काय म्हणतात?" एवढं विचारा.

असो. काढा मला आवडतो. थंडीत घरी याल तेव्हा करूच, सुंठ जरा जास्त घालून. फक्त तो माझ्या गोळीच्या जागी पुढे करू नका.