मानधन आणि वेतनश्रेणी

सरकारी नोकरीतील प्रतिनिधित्वाचा प्रश्न निघाला की मराठी सुशिक्षितांच्या तोंडी ‘गुणवत्ता’ हा शब्द येतो आणि तो आला की चर्चा संपली असे गृहीत धरले जाते. हा शब्द नेमका कुठे उच्चारला जातो आणि कुठे गिळला जातो, हे मात्र सहसा कोणी तपासत नाही. ते तपासायचे असेल तर सूर्यमाळसारख्या गावाकडे पाहावे. मोखाडा तालुक्यातील उंच पठारावरचे हे गाव आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असलेच तर थंड हवेचे ठिकाण म्हणून. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात येतात. 2011 च्या जनगणनेनुसार दोन्हीकडे नव्वद टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत : वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी.

अशा गावात सरकार म्हणजे कोण? आशा सेविका, अंगणवाडी सेविका, शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक, वनरक्षक, तलाठी (2024 पासून कागदोपत्री त्याचे नाव बदलले आहे, गावाच्या तोंडी बदललेले नाही). यांतल्या पहिल्या दोघी त्याच गावच्या रहिवासी असाव्यात असा नियमच आहे आणि तो रास्त आहे. बाळंतिणीच्या दारी रात्री जायचे तर गावची बाई हवी, तिला गावची बोली यायला हवी, हे शासनाला चांगले कळते. या नियमामुळे समान संधीच्या तत्त्वाचा भंग होतो असे म्हणत मोठे आंदोलन उभे राहिल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. नाशिक-पुण्याच्या गुणवंतांना आपल्यावर अन्याय झाल्यासारखे वाटलेले नाही. कारण उघड आहे. या दोघींना वेतन नाही, मानधन आहे.

9 जून 2014 रोजी राज्यपालांनी अधिसूचना काढून हेच तत्त्व वेतनश्रेणीतील पदांना लावले. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, वनरक्षक, कृषी सहायक, परिचारिका अशी पदे अनुसूचित क्षेत्रात स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांतून भरावीत, असा तिचा आशय होता. आणि गुणवत्ता जागी झाली. जे तत्त्व मानधनाला चालते ते वेतनाला का चालत नाही, या प्रश्नाचे उत्तर मी बरीच वर्षे शोधतो आहे. कायद्याच्या भाषेत ते मिळते. न्यायाच्या भाषेत अजून मिळालेले नाही.

कायद्याची भाषाही पाहू. आंध्र प्रदेशातील अनुसूचित क्षेत्रांत शिक्षकांची सर्व पदे आदिवासींसाठी राखून ठेवणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 22 एप्रिल 2020 रोजी रद्द ठरवला. आदिवासींना आदिवासींनीच शिकवावे ही कल्पनाच न्यायालयाला घृणास्पद वाटली. वाक्य ऐकायला उदात्त आहे. पण ‘आदिवासींनीच’ मधला तो ‘च’ आजवर कोणाच्या बाजूने होता, याचा विचार त्यात दिसत नाही. पिढ्यान् पिढ्या शिकवणारा बाहेरचा आणि शिकणारा डोंगरातला असाच क्रम चालला, तेव्हा त्या ‘च’ला कोणी घृणास्पद म्हटले नाही. शंभर टक्के हा आकडा न्यायालयाने अमान्य केला, ते एक वेळ समजून घेता येईल. त्यासाठी वापरलेला तर्क समजून घेणे अवघड आहे.

महाराष्ट्रात प्रकरण न्यायालयात अडकल्यामुळे 2023 च्या भरतीत पेसा क्षेत्रातील नियुक्त्या रखडल्या. परीक्षा देऊन निवडलेली मुले घरी बसली. 4 ऑक्टोबर 2024 रोजी विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आदिवासी लोकप्रतिनिधींनी मंत्रालयातील संरक्षक जाळीवर उड्या मारल्या. पेसा भरती ही त्यांची एक मागणी होती. त्याची करमणूक म्हणून चित्रफीत फिरली. शासनाने तोडगा काढला तो असा : निवडलेल्यांना तात्पुरते घ्यावे, मानधनावर. म्हणजे तलाठी व्हायला निघालेल्या मुलाला आपण त्याच्या आईच्या, अंगणवाडी सेविकेच्या, रांगेत नेऊन उभे केले.

दुसऱ्या बाजूचे औदार्यही नोंदवले पाहिजे. आदिवासी भागात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना एक स्तर वरची वेतनश्रेणी देण्याचा शासन निर्णय 6 ऑगस्ट 2002 चा आहे. हा शासनाचा कबुलीजबाब आहे : इथे कोणी राहायला तयार नसते, म्हणून वर पैसे द्यावे लागतात. तरीही ‘मुख्यालयी राहणे’ ही अट वर्षानुवर्षे परिपत्रकांतच राहते आणि गुरुजी ‘अप-डाऊन’ करतात. जो मुळातच त्या पठारावर राहतो त्याला नेमणे मात्र घटनाबाह्य! बनावट जमात-प्रमाणपत्रांवर मिळवलेल्या नोकऱ्यांना संरक्षण नाही असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये बजावले, तेव्हा आपल्या शासनाने 2019 मध्ये त्यांच्यासाठी ‘अधिसंख्य’ पदे निर्माण केली. नोकरी गेली नाही, फक्त शब्द नवा आला. खऱ्या आदिवासीसाठी असा शब्द कोणी घडवत नाही.

आता आपल्याकडे, म्हणजे मराठी शिकवणाऱ्यांकडे, यावे लागेल. 2023 च्या तलाठी परीक्षेत दोनशे गुण होते. मराठीला पन्नास, इंग्रजीला पन्नास, उरलेले सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणीला. (गुणांच्या सामान्यीकरणानंतर दोनशेपैकी 214 गुण पडलेला उमेदवारही या परीक्षेने दाखवला, गुणवत्तेची इतकी उंची विरळाच.) समास ओळखा, प्रयोग ओळखा, शुद्ध शब्द निवडा. ज्याच्या घरी कातकरी किंवा वारली बोलली जाते त्याची बोली इथे केवळ चुकांचे उगमस्थान असते. सूर्यमाळच्या तलाठ्याला आंग्ल शब्दांचे समानार्थी यायला हवेत, कातकरी म्हातारा काय सांगतो ते कळले नाही तरी चालते.

हा भाषाप्रेमाचा हट्ट नाही. वनहक्क कायद्याच्या 2008 च्या नियमांनुसार गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले कथन हा दाव्याचा पुरावा धरला जातो. कोणती टेकडी कोणाची, कोणत्या ओहोळापर्यंत वरई-नागली पेरली जायची, हे सांगणारा बोलीत सांगतो आणि कोणीतरी ते प्रमाण मराठीत उतरवतो. त्या उतरवण्यात जमीन मिळते किंवा जाते. मौखिकाचे लेखन या विषयावर आपण चर्चासत्रे घेतो. इथे ते लेखन रोज होते, आणि करणाऱ्याला बोलणाऱ्याची भाषा यावी अशी अट कुठल्याही जाहिरातीत नसते. ती अट घालावी : नियुक्तीच्या गावात बोलल्या जाणाऱ्या बोलीची तोंडी परीक्षा, मराठीच्या पन्नासपैकी निदान पंचवीस गुणांची. तिला जातीची अट नाही. नाशिकच्या मुलानेही कातकरी शिकावी आणि उत्तीर्ण व्हावे. मग गुणवत्तेचे कैवारी काय म्हणतात ते ऐकण्यासारखे असेल.

अर्थात ‘स्थानिक आदिवासी’ हा शब्दही आपण सोवळा मानू नये. राखीव जागा भरल्या की त्या जमातींमधल्या पुढारलेल्यांकडे आधी जातात, हे तिथल्या कार्यकर्त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. कातकरी ही राज्यातील तीन विशेष दुर्बल जमातींपैकी एक. वीटभट्टीसाठी अर्धे वर्ष बाहेर असणाऱ्या घरातले मूल बारावीपर्यंत पोचले तरच त्याचा अर्ज येणार. म्हणून पेसा भरतीच्या निवडयाद्या जमातनिहाय प्रसिद्ध व्हायला हव्यात. त्यात कातकऱ्यांपुढे शून्य दिसले, तर ते शून्य मोखाड्याच्या तहसील कचेरीबाहेर वाचता येईल अशा अक्षरात लावावे.