‘मेडिकल’ करून आणलेला माणूस

सोमनाथ सूर्यवंशी कशाने मेला, या प्रश्नाची महाराष्ट्राला आठवडाभरात दोन उत्तरे मिळाली. पहिले छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातून आले. शवविच्छेदनानंतर डॉक्टरांनी कारण लिहिले: अनेक जखमांमुळे आलेला शॉक. दुसरे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मिळाले. सोमनाथला श्वसनाचा आजार होता आणि मारहाण झाली नसल्याचे त्याने स्वतःच न्यायदंडाधिकाऱ्यांना सांगितले होते, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस म्हणाले. पहिल्या उत्तरात त्याच्या शरीरावर काय घडले ते आहे, दुसऱ्यात त्याच्या शरीरातच काय खोट होती ते. कोठडीत माणूस दगावला की सत्तेला हे दुसरे उत्तर नेहमीच जवळचे वाटते.

नांदेडहून परभणी रेल्वेने तास-दीड तासावर. तिथल्या स्टेशनसमोर डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळ असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची १० डिसेंबर २०२४ रोजी नासधूस झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ. आणि मग वस्त्यावस्त्यांत धरपकड. त्यात सोमनाथ उचलला गेला. वय पस्तिशीचे, कायद्याचा विद्यार्थी, वडार समाजातला आणि विचाराने आंबेडकरी. आधी पोलीस कोठडी, मग १४ तारखेला न्यायालयीन कोठडी. १५ डिसेंबरच्या सकाळी छातीत दुखतेय म्हणून त्याला कारागृहातून दवाखान्यात नेले आणि तिथे मृत घोषित केले.

वडार म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणारे, मातीकाम करणारे लोक. राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत त्यांचे नाव आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये केलेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये गेला. ठाण्यातली नजर मात्र त्याबरोबर गेली नाही. परभणीच्या घटनेआधी जेमतेम दोन महिने, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांतले जातीवरून काम वाटणारे आणि विमुक्तांना सराईत गुन्हेगार मानणारे नियम घटनाबाह्य ठरवावे लागले. स्वातंत्र्यानंतर सत्याहत्तर वर्षांनी!

अमेरिकेत जातीच्या जागी वंश आहे. बाकी गोष्ट ओळखीची. तिथे या दुसऱ्या उत्तराला वैद्यकीय नावच मिळाले होते: ‘एक्सायटेड डिलिरियम’. म्हणजे माणूस इतका बेभान झाला, की पोलिसांनी दाबून धरलेले असताना तो आपोआपच मेला. मायामीतले शवचिकित्सक चार्ल्स वेटली यांनी १९८५ मध्ये ही कल्पना पुढे आणली. त्याच काळात शहरात एकामागून एक काळ्या स्त्रियांचे मृतदेह सापडत होते. थोडे कोकेन आणि शरीरसंबंध यांतून त्या मेल्या असाव्यात, असे हेच गृहस्थ सांगत होते. पुढे त्यांच्याच वरिष्ठांनी प्रकरणे पुन्हा तपासली, तेव्हा त्या बायकांचे गळे दाबलेले निघाले. संशय एका मालिका खुन्यावर गेला. सिद्धांत मात्र टिकला आणि पोलीस प्रशिक्षणात शिरला. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा असताना शेजारच्या एका पोलिसाने याच रोगाची शंका बोलून दाखवली होती. अमेरिकेतल्या शवचिकित्सकांच्या आणि तातडीच्या उपचारांच्या डॉक्टरांच्या संघटनांना हे निदान नाकारायला २०२३ साल उजाडले. मे २०२५ मध्ये मेरीलँड राज्याने कोठडीतल्या ८७ मृत्यूंच्या फेरतपासणीचा निष्कर्ष जाहीर केला. त्यांतले ३६ मृत्यू दुसऱ्याच्या हातून झालेले म्हणून नोंदवायला हवे होते, आणि त्या नोंदींत वांशिक पक्षपात दिसत होता.

आपल्याकडे इतक्या भारी नावाची गरज पडत नाही. ‘मेडिकल नॉर्मल’ एवढे दोन शब्द पुरतात.

तालुक्याच्या दवाखान्यात हे कसे चालते, ते वकिलांना आणि वॉर्डबॉयला सारखेच ठाऊक असते. रात्री पोलिसांची गाडी येते. ड्युटीवर एकच डॉक्टर, बाहेर साप चावलेला माणूस आणि अडलेली बाई. आरोपी समोर उभा, शिपाई त्याला खेटून. ‘काही त्रास?’ ‘नाही साहेब.’ शर्ट काढायला कोणी सांगत नाही. सही, शिक्का, आणि माणूस परत लॉकअपमध्ये. दुसऱ्या दिवशी न्यायालयात विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध तक्रार?’ ज्यांच्या गाडीतून आला, त्यांच्याच गाडीतून परत जायचे असलेला माणूस काय सांगणार? तरीही असल्या ‘नाही’ला विधिमंडळात पुरावा म्हणून मान मिळतो. या युक्तिवादात तथ्य आहे असे मानायला कोठडी कधी पाहिलेलीच नसावी लागते.

कायदा कमी पडतो म्हणावे, तर तसेही नाही. डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणीचा आदेश दिला. कोठडीतल्या मृत्यूचे शवविच्छेदन चित्रित करा, असे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९५ मध्येच राज्यांना कळवले होते. अशा मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी कायद्याने बंधनकारक आहे. सोमनाथच्या बाबतीत शवविच्छेदनाचे चित्रीकरण झाले, चौकशीही झाली, आणि तिने पोलिसांकडेच बोट दाखवले. घाटीतल्या डॉक्टरांनी जखमा जखमा म्हणून लिहिल्या, हा या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. त्यांनी मोघम काही लिहिले असते, तर पुढचे दार उघडलेच नसते.

पण सरकारी डॉक्टरने ताठ उभे राहावे असे वातावरण आहे का? ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले. तेव्हा तत्कालीन खासदार हेमंत पाटील यांनी अधिष्ठात्यांना कॅमेऱ्यांसमोर शौचालय साफ करायला लावले. अधिष्ठाता आदिवासी समाजाचे. खासदारांवर ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. मृत्यूंचा जाब विचारायलाच हवा होता, त्यात वाद नाही. पण औषधे आणि माणसे पुरवण्याची जबाबदारी ज्यांची, ते सुटले आणि झाडू डॉक्टरच्या हातात आला. महाविद्यालयाच्या प्रमुखाची ही गत, तर बंधपत्रावर नेमलेला पंचवीस वर्षांचा डॉक्टर फौजदाराला ‘तुम्ही बाहेर थांबा’ कुठल्या बळावर म्हणेल? त्याच्यामागे खाते उभे राहिले, तरच तो म्हणेल.

वैद्यकशास्त्र स्वतःला दुरुस्त करू शकते, याचा दाखलाही महाराष्ट्रातच आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या ठाण्यात पोलिसांनी अत्याचार केलेल्या ‘मथुरा’ या आदिवासी मुलीचा खटला आठवावा. अंगावर जखमा नाहीत आणि तिला शरीरसंबंधाची सवय आहे, असा अर्थ वैद्यकीय तपासणीतून काढला गेला. शेवटी सर्वोच्च न्यायालयातून पोलीस निर्दोष सुटले. पुढे सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी ‘टू फिंगर टेस्ट’च्या आणि पाठ्यपुस्तकांतल्या कौमार्य चाचणीच्या अशास्त्रीयपणावर वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. अभ्यासक्रम बदलला. छळाच्या जखमा ओळखण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेली पद्धत, इस्तंबूल प्रोटोकॉल, १९९९ पासून उपलब्ध आहे. लातूर आणि नांदेडच्या शिकवण्यांमधून दरवर्षी ‘नीट’ देऊन मुलामुलींची फौज डॉक्टर व्हायला निघते. विमुक्त आणि दलित घरांतली मुलेही त्यात आहेत. इंटर्नशिपमध्ये त्यांना छळाच्या जखमांची ही तपासणी हाताने करायला शिकवणे महाविद्यालयांना अवघड नाही.

सोमनाथच्या आईने सरकारची दहा लाखांची मदत नाकारली आणि न्यायालयाची पायरी चढली. ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ते अपील ३० जुलैला फेटाळले गेले, तेव्हा कुठे गुन्हा नोंदला. जनतेच्या पैशाने असे अपील करणे लाजिरवाणे होते, हे स्पष्टच म्हटले पाहिजे.

गृह आणि आरोग्य खात्यांनी निदान एक परिपत्रक काढावे. अटकेतल्या माणसाची तपासणी पोलीस ऐकण्याच्या अंतरावर नसताना व्हावी, कपडे उतरवून व्हावी आणि जखमा शरीराच्या आकृतीवर खुणा करून नोंदवाव्यात. तोवर ज्यांच्या घरातला माणूस कोठडीत आहे, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ नुसार अटकेनंतरच्या तपासणीत जखमा आणि त्या साधारण कधी झाल्या, हे डॉक्टरने लिहिणे बंधनकारक आहे. त्या अहवालाची प्रत आरोपीला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला मिळते. ती मागा, आणि मिळाली नाही तर तसे वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांना लेखी कळवा.