ब्रेकचें सामान घेतांना

आमच्या घरीं लहानमोठीं मिळून अकरा माणसें आहेत आणि मोटार एकच आहे. ती उंच, सात माणसांची, डिझेलवर चालणारी आहे. काटोलसारख्या गांवीं, जेथें संत्र्याच्या बागेस जावयाचें तर मातीची वाट आणि नागपुरास जावयाचें तर साठेक किलोमीटरांचा रस्ता, तेथें अशीच गाडी सोयीची, हें वाचकांस सांगावयास नको. ती घेतांना रंग कोणता असावा ह्याविषयीं आमच्या माजघरांत महिनाभर खल चालला होता. परंतु ती थांबते कशाच्या बळावर, हा प्रश्न 2024च्या डिसेंबरापर्यंत आमच्यापैकीं कोणीं विचारला नव्हता. तो कसा निघाला हें प्रथम सांगतों, कारण त्यांत दोष आमचा आहे.

त्या वर्षीं दिवाळीनंतर पुढच्या चाकांतून करकर असा बारीक आवाज येऊं लागला. ब्रेकचे पॅड झिजले, असें मिस्त्रीनें सांगितलें. पुतण्या बाजारांत जाऊन दोन भाव घेऊन आला : एक गाडीच्या कंपनीच्या मालाचा, दुसरा एका साध्या खोक्यांतल्या मालाचा. दोहोंत अकराशें रुपयांचें अंतर. "काका, कोणते घेऊं?" असें त्यानें विचारलें. आम्हीं चष्मा लावून त्याच्या फोनवर दोहोंचीं छायाचित्रें पाहिलीं. दोन्ही काळे, दोन्ही एकाच आकाराचे. आकारसाम्यावरून गुणसाम्याचें अनुमान करूं नये, असें आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकविलें, आणि त्या दिवशीं स्वतः तेंच केलें. अकराशें रुपये वांचले म्हणून जमाखर्चाच्या वहींत नोंदही करून ठेविली.

तीन आठवड्यांनीं, आंबिया बहाराचीं संत्रीं उतरलीं तेव्हां, वरूड-मोर्शीच्या वाटेनें परतवाड्यास मेहुण्यांकडे जावें आणि तेथून मुलांस चिखलदरा दाखवून आणावा असा बेत ठरला. गाडींत सात माणसें, मागें सामान आणि मेहुण्यांसाठीं नेलेल्या चार पेट्यांपैकीं न उतरविलेली एक. चढतांना कांहीं झालें नाहीं. उतरतांना निम्म्या घाटांत जळक्या रबरासारखा वास आला, आणि पुतण्या हलक्या आवाजांत म्हणाला, "काका, ब्रेक दाबतोंय, पण लागत नाहीं." पायाखालचा दांडा घट्ट होता, गाडी मात्र वळणाकडे चाललीच होती. आमच्या मांडीवर धाकटी नात झोंपली होती. पुतण्यानें प्रसंगावधान राखून गिअर दुसऱ्यावर, मग पहिल्यावर आणिला, आणि डोंगराच्या बाजूच्या चरास चाक घांसून गाडी थांबली. वहिनी खालीं उतरून एका दगडावर बसल्या आणि अर्धा तास कोणाशीं बोलल्या नाहींत.

गांवीं परतल्यावर मिस्त्रीनें चाकें उघडलीं. हा आमचाच जुना विद्यार्थी; पाढ्यांत कच्चा, परंतु हातांत विद्या आहे. त्यानें पॅड काढून नखानें खरडला, बोटाला काळी भुकटी लागली. तो म्हणाला, "गुरुजी, हा पॅड नाही जी, हा तर खडू हाय." आम्हांस खडूची ओळख त्याच्याहून अधिक, त्यामुळें उत्तर सुचलें नाहीं.

आतां विषयाकडे वळूं. पूर्वीं यज्ञासाठीं अरणी घुसळून अग्नि काढीत, तेंच कार्य ब्रेक करितो. फरक इतकाच कीं येथें अग्नि नको असतो, घर्षण हवें असतें. गाडीचा वेग नाहींसा होतो म्हणजे त्याची उष्णता होते, आणि ती सारी डिस्क नांवाच्या बिडाच्या चकतींत व तिला दोन्हीं बाजूंनीं चिमटणाऱ्या पॅडांत सांठते. गाडी व माणसें मिळून दोन हजार किलो वजन धरा आणि वेग ताशीं 80 किलोमीटर. एकदां पूर्ण थांबण्यांत जी उष्णता निघते, तिच्यानें सुमारें दीड लिटर थंड पाणी उकळीस येईल. वेग दुप्पट केला तर उष्णता चौपट. आणि चिखलदऱ्याहून परतवाड्यापर्यंत उतार सुमारें 700 मीटरांचा. तेवढ्या उतरणींत जी उष्णता निघते तिच्यानें चाळीस लिटरांचा बंब उकळेल. त्यांतला कांहीं वांटा वारा घेतो, खालचा गिअर ठेविल्यास पुष्कळसा इंजिन घेतें. परंतु आमच्या पुतण्यानें वरचा गिअर ठेवून पाय सतत ब्रेकवर ठेविला होता, म्हणजे बहुतेक बंब त्या चार पॅडांवरच तापला. तेव्हां चूक एकट्या खोक्याची नव्हती, हेंही सांगितलें पाहिजे. मात्र चांगला पॅड अशी चूक पुष्कळ सोसतो.

पॅड म्हणजे पोलादी पत्र्यावर दाबून बसविलेला मसाला. त्यांत बांधून ठेवणारी राळ, धातूचे किंवा इतर तंतु, ग्राफाइट आणि खरखरीत भुकट्या असतात. सारें रहस्य ह्या मसाल्यांत आहे, आणि तें डोळ्यांस दिसत नाहीं. हलक्या मालांत राळ लौकर जळते, तिचा वायु होतो, आणि पॅड डिस्कवर नुसता सरकतो. धातूचा अंश अधिक असलेले पॅड उष्णता चांगली सोसतात, पण डिस्क अधिक झिजवितात व थंडींत ओरडतात. सेंद्रिय म्हणून विकले जाणारे मऊ व शांत असतात, पण लौकर हार खातात. सिरॅमिक महाग, धूळ कमी. आमचा अनुभव विचाराल तर ह्या नांवांच्या मोहांत पडूं नये. गाडी बनविणाऱ्यानें त्या वजनासाठीं जो मसाला नेमला, त्याच जातीचा घ्यावा.

ह्या मसाल्याची कथा मनोरंजक आहे. इंग्लंडांत डर्बीशायरच्या डोंगरांत हर्बर्ट फ्रूड नांवाच्या गृहस्थानें पाहिलें कीं, घोडागाडीवाले उतारावर लांकडी ब्रेकास जुन्या बुटांचे तळवे ठोकीत असत, असें सांगतात. त्यावरून त्यानें 1897 मध्यें ब्रेकच्या अस्तराचा धंदा आरंभिला, आणि आपल्या आडनांवाचीं अक्षरें उलटसुलट करून, एक अधिक मिसळून, 'फेरोडो' हें नांव केलें. नागपूरच्या शेजारीं भंडाऱ्यास घर्षणाच्या वस्तू करणारा हिंदुस्थान कंपोझिट्सचा कारखाना आहे. त्या कंपनीचें पूर्वीचें नांव हिंदुस्थान फेरोडो असेंच होतें. डर्बीशायरचा बूट कोठवर चालत आला पहा! जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस घालीत, आणि त्याची धूळ फुफ्फुसांस घातक ठरली. म्हणून 'ॲस्बेस्टॉसविरहित' असें लिहिलेला पॅडच घ्यावा. आणि चाक उघडल्यावर आंतली धूळ फुंकरीनें किंवा हवेच्या नळीनें उडवूं देऊं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. गॅरेजांतलीं पोरें ती तोंडानें फुंकतात, हें पाहून आमच्या जिवास लागतें.

दुकानांत काय पाहावें? प्रथम खोकें. 2011च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार त्यावर बनविणाऱ्याचें किंवा आयात करणाऱ्याचें नांव-पत्ता, महिना व वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठीं संपर्क छापलेला असला पाहिजे. आमच्या त्या खोक्यावर ह्यांतलें कांहींच नव्हतें. गाडीचें नांव मात्र मोठ्या अक्षरांत, तेंही अशुद्ध. शुद्धलेखनाच्या वह्या तपासण्यांत ज्याचा जन्म गेला त्यानें तें पाहूं नये, ह्यास काय म्हणावें? मग पॅडची कड पहावी. तिच्यावर बहुधा दोन इंग्रजी अक्षरें असतात. पहिलें बेताच्या उष्णतेंतल्या घर्षणाचें, दुसरें खूप तापल्यावरच्या घर्षणाचें : 'ई' म्हणजे 0.25 ते 0.35, 'एफ' म्हणजे 0.35 ते 0.45, 'जी' म्हणजे 0.45 ते 0.55. दुसरें अक्षर पहिल्याहून खालचें असेल, तर तापल्यावर पकड घटते असें समजावें. ही परीक्षा मसाल्याच्या लहानशा तुकड्यावर घेतात, म्हणून ती सर्वस्व मानूं नये. पण अक्षरेंच नसतील तर तो पॅड परत करावा. युरोपांत बदलीच्या पॅडास 'आर 90' हा नियम आहे : मूळ मालाच्या शक्तीहून पंधरा टक्क्यांपेक्षां अधिक फरक चालत नाहीं. खोक्यावर ती खूण दिसल्यास तें चांगलें लक्षण. आणि पावती पक्की घ्यावी. पॅड एका आंसावरचे चारही एकदम बदलावेत, एका चाकाचे कधींही नाहींत. नाहींतर ब्रेक लावतांच गाडी एका अंगास ओढते.

डिस्कचें प्रकरण निराळें. तिच्यावरच किमान जाडी कोरलेली असते. तिच्याखालीं गेलेली डिस्क टाकूनच द्यावी. मोजण्यास मायक्रोमीटर हवा, कारण कडेला न झिजलेली कोर उरते आणि साधें व्हर्निअर लावल्यास तिचीच जाडी दाखवितें. ब्रेक लावतांना सुकाणूचक्र थरथरलें कीं 'डिस्क वांकली' असें म्हणून नवी विकण्याची घाई होते. पुष्कळदां वांकणें नसतेंच; जाडींत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका एखाद-दुसरा फरक किंवा हबवर सांठलेला गंज एवढेंही त्यास पुरतें. लेथवर तासून घेतां येते, परंतु तासल्यावरही किमान जाडीहून वर राहिली पाहिजे. आमच्या डिस्कवर किमान 24 मिलिमीटर होतें, डावी 24.6, उजवी 24.3, आणि उजवीवर उष्णतेच्या बारीक भेगा. तासण्यास जागाच नव्हती.

हें ऐकून पुण्याच्या भाच्यानें भोंकें पाडलेल्या, चरे काढलेल्या परदेशी डिस्क सुचविल्या. दिसावयास त्या चाळणीसारख्या सुरेख. परंतु ओझें वाहणाऱ्या गाडीस प्रत्येक भोंक ही भेगेची सुरुवात होऊं शकते, आणि बिडाचें वजन जितकें कमी तितकी उष्णता सांठवावयास जागा कमी. शर्यतीच्या गाडीची शोभा संत्र्याच्या पेटीस कशाला? आम्हीं कंपनीच्याच साध्या डिस्कची जोडी, तिचेच पॅड आणि नवें ब्रेक ऑइल घेतलें. ऑइल हवेंतलें पाणी शोषतें : 'डॉट 4' जातीचें ताजें तेल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाहीं, पण पाणी मुरल्यावर 155 अंशांपर्यंत उतरलें तरी तें नियमांत बसतें. दांडा मऊ पडून तळास गेला तर तेल उकळलें. घट्ट असून गाडी थांबेना तर पॅड गेला. दोन वर्षांनीं तें बदलावें.

बसवितांना मिस्त्रीनें हबचा गंज तारेच्या ब्रशनें काढला, कॅलिपरच्या पिनांस योग्य ग्रीस लाविलें, आणि गाडी हलविण्यापूर्वीं पायानें दांडा घट्ट होईतों दहा-बारा वेळां दाबला. हें विसरल्यास पहिल्याच वळणावर पाय रिकामा जातो. मग मोकळ्या रस्त्यावर पुतण्यानें साठच्या वेगावरून वीसपर्यंत, पूर्ण न थांबतां, दर वेळीं थोडा वारा लागूं देऊन, वीसेक वेळां वेग कमी केला. असें केल्यानें पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो. घरच्या मंडळींस वाटलें, हा वेडा झाला.

सायंकाळीं मोठ्या नातीनें वहींत लिहून ठेविलें : "डिस्क नवी, डावी 26, उजवी 26, किमान 24. पॅडचा मसाला 3 मिलिमीटर उरला कीं बदलणें." त्याच पानावर वरतीं आमच्या अक्षरांत आधींची नोंद आहे : "पॅड. बचत रु. 1,100." पुतण्या म्हणाला, "काका, ती खोडून टाका आतां." आम्हीं राहूं दिली.