वाहक बाद करू नका, हृदय तपासा

‘आमच्या घराण्यात असला आजार कधी निघालाच नाही, मग जनुकचाचणी कशाला?’ कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनिएल या लहानग्या इंग्लिश जातीची पैदास करणारे अनेक जण हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारतात. पण इथे डोळ्यांची साक्ष चालत नाही. एपिसोडिक फॉलिंग या विकारात खेळता-पळताना कुत्र्याचे पाय एकाएकी ताठतात आणि तो कोसळतो. ड्राय आय–कर्ली कोटमध्ये पिल्लू राठ, कुरळ्या केसांनिशी जन्मते, त्याचे डोळे कोरडे पडतात, पंजांची कातडी भेगाळते. सदोष जनुक आई आणि बाप अशा दोघांकडून आले, तरच हे विकार होतात. एकाकडूनच आले तर तो कुत्रा नुसता वाहक, आणि आयुष्यभर ठणठणीत. २०११मध्ये न्यूमार्केटच्या ॲनिमल हेल्थ ट्रस्टने दोन्ही विकारांची चाचणी आणली. ब्रिटनमधल्या कॅव्हेलियरांत साधारण पाचातला एक फॉलिंगचा वाहक असल्याचे दिसले. असे दोन वाहक जुळले की प्रत्येक पिल्लामागे आजाराची शक्यता चारात एक.

यावर दुसरे टोक गाठणारेही आहेत: वाहक दिसला की पैदाशीतून बाद! हे शिस्तीचे वाटते, पण जातीच्या मुळावर येते. लांब नाकाचे जुने वळण परत आणणाऱ्याला रॉसवेल एल्ड्रिज या अमेरिकन गृहस्थाने १९२६च्या क्रफ्ट्स प्रदर्शनात २५ पौंडांचे बक्षीस ठेवले, आणि मोजक्या कुत्र्यांवरून ही जात पुन्हा उभी राहिली. तिचा रक्ताचा साठा आधीच तोकडा. त्यातला पाचवा हिस्सा काढून टाकला, तर उरलेले नात्यातच जुळत राहणार आणि आज दबून असलेले दुसरे दोष वर येणार. उलट वाहकाला निर्दोष जोडीदार द्या: त्या विकाराचे एकही पिल्लू होत नाही, सरासरी निम्मी पिल्ले पूर्ण निर्दोष निघतात. पुढच्या पिढीसाठी त्यांतले उत्तम पिल्लू ठेवावे. जोडी जुळवण्यासाठीच तर ही चाचणी आहे.

तिसरा दावा मला सर्वांत घातक वाटतो: चाचणीचा कागद स्वच्छ, म्हणजे कुत्रा निरोगी. या जातीला खरे मारते ते हृदय. पाच वर्षांच्या सुमारास निम्म्या कॅव्हेलियरांच्या हृदयात मायट्रल झडपेच्या आजाराची मर्मर ऐकू येते, दहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ सगळ्यांच्या. हा दोष अनेक जनुकांचा. गालाच्या आतून घेतलेल्या फायाने तो पकडला जात नाही. मेंदूला कवटी अपुरी पडून मणक्यातल्या मज्जारज्जूत पोकळ्या होतात, त्या एमआरआयशिवाय दिसत नाहीत. एमआरआय महाग आहे, भूल द्यावी लागते, हे मान्य. पण स्टेथोस्कोप महाग नाही. २०२३मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने या जातीची पैदास प्राणीकल्याण कायद्याविरुद्ध ठरवली, ती याच दुखण्यांमुळे.

म्हणून नर निवडताना जनुकांचा कागद जरूर मागा. पण हृदयतज्ज्ञाने तपासलेला, अडीच वर्षे पूर्ण झालेलाच नर घ्या, आणि त्याच्या आईबापांची हृदये पाचव्या वर्षी स्वच्छ होती का, ते लेखी विचारा. मादीलाही हाच नियम. उत्तर मिळत नसेल तर या खेपेला जोडी लावू नका. मादी सहा-सात महिन्यांनी पुन्हा माजावर येते.